मालकाच्या वहीत आईचं नाव



'गुलामगिरी' हा शब्द आपल्याला ठाऊक आहे तो जोतीराव फुल्यांच्या पुस्तकामुळे. १८७३ साली त्यांनी ते पुस्तक छापलं आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. सातासमुद्रापलीकडच्या माणसांचं दुःख त्यांना परकं वाटलं नाही. आज आपण त्याच दुःखाच्या आणखी एका मुलखाकडे जाणार आहोत. उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधल्या समुद्रात बेटांची एक माळ आहे. जमैका, बार्बाडोस, अँटिग्वा, त्रिनिदाद, हैती ही त्यातली काही नावं. या मुलखाला कॅरिबियन म्हणतात. घरातल्या क्रिकेट पाहणाऱ्या पोरांना विचारलंत, तर 'वेस्ट इंडीज' म्हणून ती लगेच ओळखतील.

आजचा प्रश्न असा आहे. ज्या माणसांना लिहू-वाचू दिलं नाही, ज्यांच्या नावावर कसलीच मालमत्ता नव्हती, उलट तीच दुसऱ्याची मालमत्ता होती, त्यांचा इतिहास आज शोधायचा कसा? आणि त्यातही बायकांचा कसा शोधायचा?

आधी घडलं काय, ते थोडक्यात सांगते. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोचला. मग स्पेन, इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड अशा देशांनी एकेक करून ही बेटं ताब्यात घेतली. तिथले मूळ रहिवासी नव्या रोगांनी आणि जुलमानं बहुतेक संपले. मग युरोपला गोडी लागली साखरेची, आणि बेटांवर उसाचे मोठमोठे मळे उभे राहिले. कामाला माणसं हवी होती. ती आफ्रिकेतून विकत घेऊन, बेड्या घालून, जहाजांत कोंबून आणली गेली.

किती माणसं? हे आज बरंचसं सांगता येतं. कारण जहाज म्हणजे धंदा होता, आणि धंद्याचा हिशेब असतो. बंदरातली जकात, विम्याचे कागद, कप्तानांच्या वह्या, विक्रीच्या पावत्या. अनेक देशांतल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं हे कागद गोळा केले आणि ३६ हजारांहून जास्त सफरींची एकच मोठी यादी केली. तिच्यावरून अंदाज निघतो तो असा: साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत चढवली गेली. त्यातली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. एकट्या जमैकात १० लाखांच्या आसपास माणसं उतरवली गेली. त्यातली काही पुढे दुसरीकडे विकली गेली. पण १८३४ साली गुलामी कायद्यानं उठली, तेव्हा जमैकात मोजलेले गुलाम होते फक्त ३ लाख ११ हजार. पिढ्यान्‌पिढ्या माणसं आणली, तिथे लेकरं जन्मली, तरी माणसं वाढली नाहीत, उलट घटली. मळ्यानं माणसं कशी खाल्ली, हे या दोन आकड्यांवरूनच कळतं.

उसाचं काम तुम्हाला समजावून सांगायला नको. तिथे बहुतेक ठिकाणी नांगर नसे. माणसं रांगेत उभी करून, कुदळीनं एकेक खड्डा खणून लागण करवत. तोडलेला ऊस दिवस-दोन दिवसांत गाळावा लागतो, म्हणून हंगामात चरक आणि काहिली रात्रंदिवस चालत. ऊस सारताना डुलकी लागून हात चरकात ओढला गेला, तर हात तोडून माणूस सोडवायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे.

मजुरांच्या टोळ्या असत. पहिली टोळी धडधाकट माणसांची, तिच्याकडे सगळ्यांत जड काम. दुसरी पोरसवद्या आणि अशक्तांची. तिसरी अगदी लहान मुलांची. ती गवत काढायची, आणि तिच्यावर एखादी म्हातारी बाई नेमलेली असे. वरच्या टोळ्यांवर चाबूक घेतलेला मुकादम.

बरीच वर्षं इतिहासाच्या पुस्तकांत या पहिल्या टोळीचं चित्र पुरुषांचं असायचं. जमैकाच्या ल्युसिल मॅथ्युरिन मेअर या इतिहासकार बाईंनी ते बदललं. १९७४ साली त्यांनी जमैकातल्या बायकांच्या इतिहासावर प्रबंध पुरा केला. मळ्यांच्या जुन्या याद्या नीट मोजल्या तेव्हा दिसलं, की पुढच्या काळात अनेक मळ्यांवर शेतातल्या टोळ्यांत बायकाच जास्त होत्या. सुतारकी, लोहारकी, पिंपं बनवणं, साखर उकळणं ही कसबाची कामं पुरुषांना शिकवली जात. बाईच्या वाट्याला कुदळ आणि कोयता. यादी आधीही तीच होती. फक्त त्यातल्या बायका कुणी वेगळ्या मोजल्या नव्हत्या. याच मेअरबाई पुढे १९८० साली कोपनहेगनला भरलेल्या जागतिक महिला परिषदेच्या महासचिव झाल्या.

आता या याद्या म्हणजे काय, ते पाहू. १८०७ साली इंग्लंडनं माणसांच्या व्यापारावर बंदी घातली. गुलामी मात्र चालूच होती. चोरून माणसं आणली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक मालकानं आपल्याकडच्या गुलामांची नोंद सरकारात करायची, असा नियम आला. त्रिनिदादमध्ये १८१३ साली, आणि बऱ्याच इतर बेटांवर १८१७ च्या सुमाराला ही नोंद सुरू झाली. दर काही वर्षांनी ती पुन्हा व्हायची. या वह्या आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अभिलेखागार म्हणजे जुने सरकारी कागद जपून ठेवण्याची जागा.

आपण गटाची वही आखतो तसेच त्यात रकाने आहेत. नाव, वय, रंग, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा. नंतरच्या नोंदींत किती जन्मले, किती मेले, किती विकले, कारण मालकाला 'वाढ' आणि 'घट' दाखवावी लागे. गुरांची शिरगणती करावी तसा हा कागद आहे.

पण जमैकाच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात पुष्कळदा एक गोष्ट सापडते. लेकराच्या पुढे त्याच्या आईचं नाव. बापाचं नाव सहसा नसतं. हा आईचा मान नव्हता, मैत्रिणींनो. कायदाच असा होता की आई गुलाम तर मूल गुलाम, आणि आईचा जो मालक तोच मुलाचा मालक. बाप मळ्याचा मालक असला, तरी मूल गुलामच. म्हणजे बाईची कूससुद्धा मालकाच्या मिळकतीत धरलेली होती. मूल कुणाच्या मालकीचं, हे ठरवायला आईचं नाव लिहिलं जायचं.

आज मात्र त्याच रकान्यावर बोट ठेवून अभ्यासक आजी, आई आणि नात अशी ओळ जोडतात. मालकानं मालमत्ता मोजायला लिहिलेलं नाव आता नात्याचा पुरावा झालं आहे. कागद मालकाचा, पण तो वाचताना प्रश्न मालकाचा विचारायचा नाही, बाईचा विचारायचा. ही या अभ्यासाची पहिली रीत.

नावांचंही तसंच. मालक मन मानेल तशी नावं ठेवत. देवतांची ठेवत, इंग्लंडमधल्या शहरांची ठेवत. पण त्याच याद्यांत जुबा, फिबा, क्वाशेबा अशीही नावं येतात. ही आज घाना म्हणतात त्या देशाकडच्या अकान लोकांच्या रीतीची, वारावरून ठेवलेली नावं. जुबा सोमवारची, फिबा शुक्रवारची, क्वाशेबा रविवारची. आपल्याकडे आदिवासी पाड्यांवर सोमी, मंगळी, बुधी असतात ना, तसंच. समुद्र ओलांडून, बेड्यांत येऊनही कुणीतरी आपल्या लेकीला आपल्या रीतीचं नाव लावत होतं, हे त्या यादीवरून कळतं.

दुसरा कागद म्हणजे वर्तमानपत्रं. पळून गेलेल्या गुलामाला पकडून देणाऱ्याला बक्षीस, अशा जाहिराती तिथल्या वर्तमानपत्रांत नेहमी छापून येत. अंगावरच्या खुणा, डाग, चाल, बोली, कसब, सगळं वर्णन मालक देई. कधी हेही लिही की ही बाई अमुक मळ्यावर आपल्या आईकडे किंवा नवऱ्याकडे लपली असावी. मालकानं ते पकडण्यासाठी लिहिलं. पण वाचणाऱ्याला त्यातून समजतं, की मायलेकींना वेगवेगळ्या मालकांना विकलं, तरी त्यांनी नातं तोडलं नव्हतं. जीव धोक्यात घालून त्या एकमेकींकडे जात होत्या. बार्बाडोसचं असं एक जुनं वर्तमानपत्र अलीकडे पानोपान संगणकावर उतरवलं आहे, म्हणजे ते कुठूनही वाचता येतं.

तिसरा कागद आणखी जवळचा आहे. आज गयाना म्हणतात त्या देशात बर्बिस नावाची वसाहत होती. तिथे पूर्वीच्या डच राज्यापासून 'फिस्कल' नावाचा सरकारी अधिकारी असे, आणि गुलामांना त्याच्याकडे तक्रार नेता येई. तक्रार खोटी ठरवली गेली तर फटके तक्रारदारालाच. तरी माणसं चालत जात आणि सांगत. १८१९ ते १८३२ या काळातल्या अशा पुष्कळ तक्रारींची नोंद उरली आहे. त्यात १८१९ ची एक तक्रार आहे रोस्ये नावाच्या बाईची. ती कॉफीच्या मळ्यावर होती, गरोदर होती. काम कमी भरलं म्हणून व्यवस्थापकानं तिला चाबकानं मारवलं. तिचं मूल मेलेलं जन्मलं. तिनं हे सरकारी माणसापुढे सांगितलं आणि कारकुनानं ते उतरवून घेतलं. तिचे शब्द दुसऱ्याच्या लेखणीतून आले आहेत, हे खरं. पण ती बोलली, म्हणून दोनशे वर्षांनी आपण तिचं नाव घेतो आहोत.

पुस्तकरूपानं बोललेली बाई म्हणजे मेरी प्रिन्स. ती बर्म्युडा बेटावर १७८८ च्या सुमाराला जन्मली. लहान असताना तिला आणि तिच्या बहिणींना बाजारात उभं करून वेगवेगळ्या लोकांना विकलं. तिची किंमत आली तिथल्या चलनात ५७ पौंड. पुढे टर्क्स बेटांवरच्या मिठागरात तिनं काम केलं. खाऱ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहून पायांना जखमा व्हायच्या. मग ती अँटिग्वात विकली गेली. १८२८ मध्ये मालक तिला लंडनला घेऊन गेले, आणि तिथे तिनं त्यांचं घर सोडलं. गुलामीविरुद्ध काम करणाऱ्या लोकांकडे ती गेली, तिनं आपली हकिगत सांगितली, सुझॅना स्ट्रिकलंड नावाच्या बाईंनी ती लिहून घेतली, आणि १८३१ मध्ये पुस्तक निघालं. त्याच वर्षी त्याच्या तीन आवृत्त्या छापाव्या लागल्या. ही बाई खोटं बोलते, असा गवगवा झाला. तेव्हा बायकांनी तिच्या पाठीवरचे वळ डोळ्यांनी पाहून तशी साक्ष लिहून दिली. बाईनं तोंडानं सांगितलेलं पुरेसं धरलं नाही, अंगावरचे वळ दाखवावे लागले. पण पुस्तक उरलं. गुलाम म्हणून जगलेल्या काळ्या बाईची ब्रिटनमध्ये छापलेली ही पहिली आत्मकथा.

जिथे कागदच नाही, तिथे माती आणि तोंडी आठवण कामाला येते. बार्बाडोसला न्यूटन नावाच्या मळ्यावर गुलामांचं दफनस्थान आहे. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं. एका पुरुषाच्या सांगाड्याबरोबर गळ्यातली माळ मिळाली. त्यात कवड्या होत्या, कुत्र्याचे दात होते, काचेचे मणी होते, आणि एक मोठा तांबूस मणी होता. अभ्यासकांच्या मते तो मणी बहुधा आपल्या गुजरातेतल्या खंबातचा. तो आफ्रिकेमार्गे तिथवर गेला असावा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेताना जो माल मोबदल्यात दिला जाई, त्यात हिंदुस्थानातलं सुती कापडही भरपूर असे. आपल्या विणकरांनी विणलेलं कापड त्या बाजारात कशाच्या बदल्यात जातं, हे त्यांना कुठून कळणार? पण धागा आपल्यापर्यंत येतो, हे खरं.

तोंडी आठवणीचं मोठं उदाहरण म्हणजे जमैकाची नॅनी. मळ्यांवरून पळून डोंगरात गावं वसवणाऱ्यांना मरून म्हणत. नॅनी त्यांची पुढारी. इंग्रजांच्या कागदांत तिचा उल्लेख अगदी थोडा आहे. १७४० च्या सुमाराला तिला आणि तिच्या माणसांना ५०० एकर जमीन दिल्याचा एक कागद आहे. बाकी सगळं मरून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत ठेवलं. आज जमैकाच्या पाचशे डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं इतिहासकार आता हसण्यावारी नेत नाहीत. ते ऐकतात, उतरवून घेतात आणि कागदाशी ताडून पाहतात.

आता शेवटची वही, भरपाईची. गुलामी उठवण्याचा कायदा ब्रिटनमध्ये १८३३ साली झाला. सरकारनं २ कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ती रक्कम होती. ती मिळाली कुणाला? मालकांना. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिलं, त्यांना एक छदामही नाही. उलट बहुतेक वसाहतींत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षं, १ ऑगस्ट १८३८ पर्यंत, आठवड्यातला मोठा वेळ त्याच मालकाकडे बिनपगारी राबावं लागलं. फ्रान्सनं तर कहर केला. हैतीच्या गुलामांनी १७९१ पासून लढून १८०४ मध्ये स्वतःचा देश उभा केला, आणि १८२५ साली फ्रान्सनं त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक मागितले, आपल्या मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून!

ब्रिटनच्या भरपाईचे सुमारे ४६ हजार दावे कागदावर होते. २००९ पासून लंडन विद्यापीठातल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी ते एकेक करून वाचले आणि कुणालाही फुकट पाहता येतील असे खुले केले. त्यातून कळलं, की मालक म्हणजे फक्त बडे जमीनदार नव्हते. पाद्री होते, व्यापारी होते. आणि पैसे मिळालेल्यांत सुमारे ४० टक्के बायका होत्या. वारशात चार-दोन गुलाम मिळालेल्या विधवा, लग्न न झालेल्या बहिणी. बाई आहे म्हणून ती दुसऱ्या बाईच्या बाजूनं उभी राहीलच असं नाही, हेही इतिहास दाखवतो. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारच्या हिशेबातून पूर्ण फिटलं ते २०१५ साली. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही. म्हणूनच कॅरिबियन देशांनी २०१३ साली एकत्र येऊन आयोग नेमला आणि युरोपातल्या देशांकडे माफी आणि भरपाई मागितली. त्यांच्या मागणीला आधार आहे तो याच वह्यांचा.

त्या चार वर्षांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कायद्यानं सहा वर्षांखालची मुलं लगेच मोकळी झाली होती. मालकांनी आयांना सांगितलं, मूल कामाला बांधून द्या, आम्ही सांभाळू. जमैकात अगदी बोटांवर मोजण्याइतक्या सोडल्या, तर आयांनी साफ नकार दिला. स्वतः अजून मोकळ्या नव्हत्या, खायला कमी होतं, मालक औषधपाणी बंद करत होते. तरी लेकराच्या नावापुढे पुन्हा मालकाचं नाव लागू दिलं नाही.

गुलामी सुटल्यावर मळेवाल्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. १८३८ मध्ये गयानाला आणि १८४५ मध्ये त्रिनिदादला पहिले गिरमिटिये उतरले. १९१७ पर्यंत साधारण पाच लाख माणसं गेली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. गिरमिट म्हणजे करार. करार संपला की सुटका होती, म्हणून ती गुलामगिरी नव्हे. पण मळा तोच, आणि राहायला बऱ्याचदा जुन्या गुलामांच्याच खोल्या. त्यांच्या परवान्यांवर नाव, गाव, जात, बापाचं नाव आणि अंगावरची खूण लिहिलेली असे. आज त्यांचे वंशज तो परवाना हातात घेऊन आपलं गाव शोधत भारतात येतात.

हे कागद टिकतीलच असं नाही. तिकडे दमट हवा आहे, वाळवी आहे, वादळं आहेत. २०२४ च्या जून महिन्यात बार्बाडोसच्या अभिलेखागाराच्या एका इमारतीला आग लागली आणि मोलाचे कागद जळाले. जळालेल्या पानावरचं नाव परत आणता येत नाही. म्हणून तिथली माणसं उरलेल्या पानांची छायाचित्रं काढून ठेवण्याच्या मागे लागली आहेत.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एका गोष्टीवर बोला. आपल्या आजीचं, पणजीचं नाव कुठल्या कागदावर आहे? ते कुणी लिहिलं, आणि कशासाठी? कागदावर नसेल, तर ते सांगू शकेल असं घरात अजून कोण आहे? तिला विचारा, आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

नमस्कार.